उमरेडहून घ्या, नागपूरले सोडा

आमच्या स्वयंपाकघराची भिंत रोज संध्याकाळी सात वाजता गुणगुणते. डबीत भुंगा अडकावा तसा एक लांब, सपाट आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. फळीवरच्या वाट्या त्याने किणकिणतात असं आमचे हे, म्हणजे श्रीकांत, सांगतात. ते अतिशयोक्ती करतात, पण फार नाही. मनीषनगरच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात मी आधी प्लंबर बोलावला आणि मग इलेक्ट्रिशियन. इलेक्ट्रिशियनने भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मॅडम, हे वायरिंग नाही. हा माणूस आहे."

तो माणूस म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधले पौनीकर काका, आणि तो आवाज म्हणजे त्यांचा भ्रामरी प्राणायाम.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. घरी आणि दारी माझा कारभार याद्यांवर चालतो. वाण्याची यादी, दुरुस्तीची यादी, फोन करायच्या माणसांची यादी. शिवाय या याद्या कुठे ठेवल्या आहेत त्याची एक. भिंत काही बदलता येत नाही, म्हणून मी वेळापत्रक बदललं. मिक्सरचं जे काम असेल, चटणी, वाटण, दाण्याचा कूट, ते संध्याकाळी सातला. मिक्सरचा आवाज भ्रामरीपेक्षा मोठा आहे. प्रश्न मिटला असं मी धरून चालले.

पण पौनीकर काका भिंतीत मावणारे नव्हते. ते लिफ्टमध्ये भेटत, जिन्यात भेटत, भाजीच्या गाडीपाशी भेटत, आणि जिथे भेटत तिथे समोरच्याचा श्वास तपासत. नाडी बघणारे वैद्य असतात, तसे हे श्वास बघत. पहिल्याच भेटीत, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले, तर नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणाले, "ताई, तुमी तिसऱ्या मजल्यावर जाऊन राहिल्या, पन तुमचा श्वास तर पहिलेच वर जाऊन बसला. खाली उतरवा त्याले. पोटात."

"लिफ्ट आहे ना काका. मी चढले कुठे?"

"म्हनूनच म्हणून राहिलो ना! बिनचढता धाप लागली. याद्या करत असाल मनात."

त्यांना ते कसं कळलं कोण जाणे. मी तेव्हा खरोखरच कोथिंबीर राहिली की काय याचा हिशेब करत होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'यादीताई' झाले. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना माझं खरं नाव आजही माहीत नाही.

काका मूळचे उमरेडचे. विणकराचं घर. वडिलांच्या मागावर बसले, पण मागाचे दिवस संपत आले होते, म्हणून नागपूरला येऊन गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात लागले, ते म्हातारे होईपर्यंत तिथेच. अंगाने काडी, मिश्या मात्र भरघोस. कायम पांढरा बंडी-पायजमा, थंडीत त्यावर मुलीने रायपूरहून आणलेलं जांभळं स्वेटर, ज्यावर कुठल्याशा विद्यापीठाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं. ते विद्यापीठ कोणतं हे त्यांना माहीत नव्हतं. "ऊब मराठीतच येते," म्हणायचे.

बिल्डिंगच्या गच्चीवर सकाळी ते प्राणायामाचा वर्ग घेत. फुकट. अट एकच, मोबाइल खाली ठेवून यायचं. मी गेले ती गुडघ्याच्या डॉक्टरांनी काहीतरी हलकं करा म्हटलं म्हणून, आणि काकांच्या भाषेसाठी टिकले. संस्कृत नावं त्यांना आवडत नसत. अनुलोम-विलोमाला ते 'उमरेडची बस' म्हणत. डावी नाकपुडी उमरेड, उजवी नागपूर.

"उमरेडहून घ्या... नागपूरले सोडा. आता नागपूरहून घ्या... उमरेडले सोडा. हळू, मिश्राजी, हळू! बस आहे, अँब्युलन्स नाई."

मिश्राजी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. श्वास सोडला की ते इतके खुश होत की परत घ्यायचा विसरत. एकदा लाल होऊन म्हणाले, "पौनीकर साहब, छोड़ तो दी, अब वापस नहीं आ रही।" काका म्हणाले, "येईन तो. तुमी तिकीट काढून उभे राहू नका, नुसते उभे राहा."

सर्दी झालेला माणूस वर्गात आला की काका त्याच्या नाकाकडे बघून जाहीर करत, "आज उमरेडची गाडी बंद आहे यांची. एकीकडूनच सोडा. जबरी करू नका." आणि मग ते आपलं लाडकं वाक्य म्हणत. गांधीबागेत नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला शिकवतात ते.

"कपडा मोजतानी तानायचा नाई गा. तानून मोजला तर दुकानात पुरते, पन गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आकसते. श्वासाचंही तसंच हाय. जेवढा आला तेवढा मोजा. तानू नका."

हे मला पटलं होतं. मी ते माझ्या यादीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि शाळेत सुट्टीचे अर्ज तपासताना पुष्कळदा वापरलं.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "आधी सोडा, मंग घ्या." हे ते सगळ्यालाच लावत. पार्किंगवरून दोन कुटुंबांत भांडण झालं तेव्हा काका मध्ये उभे राहून दोघांना म्हणाले, "आधी सोडा." दोघांनी विचारलं, "काय सोडायचं?" काका म्हणाले, "श्वास. जागेचं मंग पाहू." दोघंही हसले, आणि त्यांच्या गाड्या आजतागायत तिरक्याच उभ्या राहतात.

वर्ग संपला की सगळे कोपऱ्यावर तर्री-पोहे खायला जात. काका जात नसत. "मी कमावलं, तुमी तिथं गमावून या," असं म्हणून ते घाईने खाली उतरत, कारण घरी काकू होत्या. सुशीलाकाकू. आम्ही इथे येण्याआधीच त्यांना लकवा झाला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. सकाळी मंदा नावाची बाई येऊन त्यांचं न्हाणं-धुणं करी, बाकी सगळं काका बघत. मी अधूनमधून जाऊन बसायची. काकू डाव्या हाताने माझ्या बांगड्या फिरवून बघत, डोळ्यांनी चौकशी करत. चांगल्या होत्या. पण तोंडातून एक शब्द येत नसे, आणि अशा माणसाशी काय बोलावं याची यादी माझ्याकडे नव्हती, म्हणून मी काटोलची संत्री सोलून द्यायची आणि लवकर उठायची.

गेल्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि काकांना ताप आला.

पहिल्या दिवशी आम्हाला कळलंच नाही. ते नेहमीप्रमाणे गच्चीवर आले. नाक चोंदलेलं, डोळे लाल. मिश्राजींनी विचारलं, "तबीयत ठीक नहीं है क्या?" काका म्हणाले, "दोनी गाड्या बंद आहे. पन भस्त्रिकेनं फाटक उघडते. ताप हाय ना, त्याले घामातून बाहेर काढतो. तुमी बसा, मी दाखवतो."

आणि त्यांनी दाखवलं. लोहाराच्या भात्यासारखे धडाधड श्वास. जांभळं स्वेटर वरखाली, वरखाली. मग एकदम थांबले. बोटं समोर धरून बघत राहिले, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "मुंग्या येऊन राहिल्या," असं म्हणत उठायला गेले आणि पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसकण मारली. चेहरा गच्चीच्या चुन्यासारखा. मिश्राजींनी धरलं म्हणून डोकं आपटलं नाही.

मी उभ्याउभ्या कामं वाटली. कठड्यावरून खाली हाक मारली, श्रीकांत, गाडी काढा. मिश्राजी, तुम्ही यांना धरून खाली न्या. मंदा येईपर्यंत मी काकूंपाशी थांबते, मग मागून येते. काका तेवढ्यातही म्हणाले, "यादीताई, तुमचा श्वास वर गेला."

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. डॉक्टर तरुण मुलगी होती, आवाज शांत, पण गोड बोलण्याला भुलणारी नव्हती. तिने छाती तपासली, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, छातीचा एक्स-रे काढायला लावला. छातीत जंतुसंसर्ग होता. गोळ्या सुरू केल्या, आणि मग काय काय केलंत ते विचारलं. काकांनी अभिमानाने सांगितलं.

"तापात आणि खोकल्यात जोराचे श्वास अजिबात नाही," ती म्हणाली. "भस्त्रिका नाही, कपालभाती नाही, श्वास रोखून धरणं नाही. फुप्फुसं आधीच सुजली आहेत. त्यांच्याकडून कवायत करून घेतलीत तर चक्कर येणारच, मुंग्या येणारच, खोकला वाढणार."

"मॅडम, मी लोकाईले शिकवतो."

"मग लोकांना सुट्टी द्या."

मी वही काढली होती. "करायचं काय ते सांगा," मी म्हटलं.

"उशीला टेकून बसायचं. जेवढा सहज येतो तेवढाच श्वास. सोडताना, गरम चहावर फुंकर मारतो ना, तशी हलकी फुंकर. गरगरलं की थांबायचं. आणि बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट बघू नका, सरळ या."

मी सगळं लिहून घेतलं. मग वही मिटता मिटता, केवळ मुद्दा राहू नये म्हणून विचारलं, "आणि भ्रामरी? गुणगुणतात तो?"

"एरवी साधी गोष्ट आहे ती. पण आत्ता यांना एक वाक्य पुरं करताना खोकला येतोय. लांब आवाज काढून श्वास संपवू नका. खोकला उतरू दे, मग हळूहळू."

त्या वेळी काकांनी माझ्याकडे पाहिलं. भस्त्रिका बंद झाली तेव्हा त्यांचा चेहरा मास्तरांसारखा झाला होता, नाराज. आता मात्र तो असा झाला की मला वाटलं, हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं. का, ते मला कळलं नाही. मी 'भ्रामरी – बंद' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

घरी येऊन कामं मार्गी लावली. गच्चीच्या दारावर 'वर्ग बंद' अशी पाटी. गोळ्यांच्या वेळा काकांच्या फ्रिजवर. दोघांचं जेवण आमच्याकडून. मंदाला संध्याकाळचीही विनंती केली, तिने होकार दिला. रायपूरला मुलीला फोन केला, ती रविवारी येते म्हणाली. एका दुपारीत सगळं बसलं. मी समाधानाने मिक्सरचं भांडं लावायला घेतलं, तर सात वाजले आणि भिंत गुणगुणली.

आवाज अर्ध्यात तुटला आणि त्यामागून खोकला आला. मग पुन्हा आवाज, पुन्हा खोकला.

मी लाटण्याने भिंत ठोकली. पलीकडे शांतता झाली. थोड्या वेळाने, चोरून मिठाई खाल्ल्यासारखा, पुन्हा एक बारीक गुणगुणाट. आणि खोकला.

"ऐकत नाहीत," मी श्रीकांतना म्हटलं. "शिकवणारी माणसं सगळ्यात वाईट पेशंट."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना रीतसर झापलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, "होजी, होजी" म्हटलं, आणि संध्याकाळी सात वाजता तेच. मग मात्र मी मिक्सर सोडला, त्यांची जास्तीची किल्ली आमच्याकडे असते ती घेतली आणि दार उघडून थेट आत गेले.

काका काकूंच्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसले होते. एक हात खाटेच्या कठड्यावर. डोळे मिटलेले नव्हते. भ्रामरीत डोळे मिटायचे हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ते काकूंकडे बघत होते. ओढून आणलेल्या श्वासावर त्यांनी आवाज काढला, "हंऽऽऽ", आणि तो तुटायच्या आत, खाटेवरून उत्तर आलं.

"हं."

बारीक, घशातल्या घशात. पण त्याच सुरात. भिंतीपलीकडून ते मला कधी ऐकू आलं नव्हतं, कारण मी मिक्सर लावत होते.

काकांना खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं, पाठ चोळली. रागवायला आले होते, पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

"काका, हे काय चाललंय?"

"काही नाई. तिले सांगून राहिलो."

"काय सांगताय?"

"का मी आलो म्हणून."

ते थोडं थोडं, दम घेत बोलले.

"आमच्यात नाव कुठं घेत होते एकमेकाचं? ना मी तिचं, ना ती माझं. दुकान सुटलं का मी सात वाजता घरी. दारातूनच 'हं' करायचो. ती आतून 'हं' करे. का आले तं या, भाकर टाकते. एवढंच. लेकरं झाली, लेकीचं लगन झालं, पन आमचं तेवढंच राहिलं." त्यांनी मिशी पुसली. "लकवा झाला तवा दवाखान्यात हिचं बोलनं बंद. डॉक्टर म्हने, बोलत राहा हिच्याशी. मले कुठं बोलता येते? कपडा इकताना जे बोलायचो तेच. तिथं एक बाई लोकाईले श्वास शिकवायले येत होती, ते शिकलो. बाजूले बसून भ्रामरी केली. एक दिवस हिनं आतून 'हं' केलं."

"म्हणजे भ्रामरी..."

"भ्रामरी मांगून आली ताई. 'हं' पहिलेचा हाय."

काकू डाव्या हाताने पदर सारखा करत होत्या. आम्ही त्यांच्याबद्दल बोलतोय हे त्यांना कळत होतं, आणि एखाद्या बाईचं कौतुक तिच्यासमोर चाललं की ती जशी दुसरीकडे बघते, तशा त्या खिडकीकडे बघत होत्या.

"एक दिवस नाही केलं तर काय होईल?" मी विचारलं.

"एकदा काटोलले मयतीत गेलो होतो. बस चुकली. रात्र झाली. मंदानं लय खटपट केली, हिनं तोंड उघडलं नाई. मी आलोच नाई ना घरी! जेवन कसं करन?"

आता गोष्ट माझ्या प्रांतात आली. अडचण स्पष्ट होती. आवाज काढला तर काकांचा खोकला वाढतो. काका कोसळले तर काकूंकडे बघायला कोण? आणि आवाज नाही काढला तर काकू जेवत नाहीत. अशा वेळी मी पर्याय काढते.

पहिला पर्याय फोन. मागच्या वर्षी मिश्राजींनी नियम मोडून, चोरून वर्गात फोन आणून काकांचं गुणगुणणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ते मागवलं, काकूंच्या उशाशी लावलं. काकांचा ठणठणीत, निरोगी आवाज खोलीत घुमला. काकूंनी फोनकडे बघितलं, टीव्हीवरच्या जाहिरातीकडे बघतात तसं. मग दाराकडे बघितलं.

दुसरा पर्याय मी. गळा साफ करून मी "हंऽऽ" केलं. काकूंनी डाव्या हाताने माझा हात थोपटला. बरं वाटत नाही का ग, असा भाव.

तेवढ्यात माझी चाहूल घेत श्रीकांत आले. त्यांना दारात उभं करून म्हटलं, तुम्ही करा, पुरुषाचा आवाज हवा. ते गोंधळले, पण आज्ञाधारक आहेत. त्यांनी दारातून खर्जात "हंऽऽ" केलं, आणि काकूंनी तत्काळ पदर डोक्यावर ओढला. परका पुरुष!

काका हसले. हसता हसता खोकले. आणि "सोडा ताई, माझं मीच करतो," असं म्हणून त्यांनी पुन्हा खोल श्वास ओढला. तो वरच अडकला. त्यांनी कठडा धरला, मान पुढे गेली, घशातून शिटीसारखा आवाज आला. काकूंचे डोळे मोठे झाले. त्यांनी डावा हात उचलून काकांच्या दिशेने नेला, पण तो पोहोचला नाही, हवेत राहिला.

"काका, कपडा ताणताय तुम्ही!" मी ओरडले.

दुसरं काहीच सुचलं नव्हतं. पण काका थांबले. कठड्यावरची बोटं सैल झाली. मी त्यांच्या पाठीशी दोन उशा लावल्या. "आधी सोडा. आवाज नको. चहावर फुंकर मारा." त्यांनी मारली. हलकी. मग आणखी एक. श्रीकांत गाडीची किल्ली घेऊन तयार उभे होते. मी काकांचे ओठ बघत होते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसे. रंग ठीक होता. शिटी हळूहळू कमी झाली आणि मोकळा श्वास चालायला लागला. लहान होता, पण त्यांचा होता.

मग मी खुर्ची खाटेला अगदी भिडवली आणि काकूंचा तो अधांतरी राहिलेला हात घेऊन काकांच्या छातीवर, त्या जांभळ्या स्वेटरवरच्या इंग्रजी अक्षरांवर ठेवला.

"नुसते बसा," मी म्हटलं. "तुम्ही आलात हे त्यांना हातानेही कळेल."

हात वर गेला, खाली आला. वर, खाली. काकू हाताकडे बघत होत्या. काही म्हणाल्या नाहीत. त्या रात्री मंदाने भरवलेला वरणभात त्यांनी तीन-चार घास खाल्ला आणि तोंड मिटलं. पोट भरण्याइतकं ते नव्हतं. काका मला दारापर्यंत सोडायला उठू लागले, मी त्यांना बसवलं. म्हणाले, "यादीताई, हातानं 'आलो' तं कळते. पन ती 'बरं' म्हनते ते मले कसं कळन?"

घरी येऊन मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, झालेला प्रकार सांगितला. त्यांनी सकाळी पुन्हा दाखवायला बोलावलं, एक गोळी बदलली, आणि काकांना डोळ्यांत बघून विचारलं, "आवाज बंद ना?" काका म्हणाले, "बंद." या वेळी ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्या माणसाचे खांदे असे उतरत नाहीत.

त्या संध्याकाळी मी चटणीची तयारी केली. दाणे, लसूण, तिखट भांड्यात घातलं, झाकण लावलं, बटणावर हात ठेवला. सात वाजले होते. भिंत गप्प होती. मी इतकी वर्षं या भिंतीला वैतागले होते, आणि आता ती गप्प बसलेली मला बघवेना.

बाहेरून श्रीकांतनी विचारलं, "काय झालं? लाइट गेले का?"

"श्श," मी म्हटलं.

कारण आवाज आला होता. बारीक. काकांचा नव्हता. काकांचा आवाज पोटातून निघतो, सपाट आणि लांब असतो. हा आखूड होता, जरा वर चढलेला, कधी न वापरलेल्या रस्त्यावर पाऊल टाकावं तसा. "हं." थांबला. मग पुन्हा, थोडा धीर धरून, "हंऽ."

इतके दिवस काका हाक मारत आणि काकू उत्तर देत. आज हाक काकूंकडून निघाली होती.

मी भिंतीपाशी कान नेला. पलीकडे खोकला नव्हता. कुणीतरी हळूच, गरम चहा गार करावा तशी, फुंकर मारत होतं.

चटणी त्या दिवशी साडेसातला झाली. तेव्हापासून रोज साडेसातलाच होते.